फुलंब्रीच्या पुढं करंट जात नाही

करडईच्या फुलांवर लिहा, असं मला कुणी सांगू नये. पळसावरही नाही. फेब्रुवारीत आमच्याकडं दोन्ही फुलतात, मला ठाऊक आहे. सावंगी सोडून फुलंब्रीच्या वाटेला लागलं की डोळ्यांत भरतात. पण मी ज्या लोकांत वाढलो त्यांचा फेब्रुवारी बजेटचा. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी डोक्याला रुमाल लागतो, शाळू दाण्यात आलेला असतो, आणि टपरीवर चहा ओतता ओतता कुणीतरी विचारतं, "औंदा येती का आपली लाईन?" विचारणाऱ्याचा बापही हेच विचारत होता. निजामाची रेल्वे गेली, भारत सरकारची आली, छोट्या गाडीची मोठी गाडी झाली, स्टेशनच्या पाटीवरचं नाव बदललं. शहरातून उत्तरेकडं जाणारा रूळ मात्र अजून टपरीवरच आहे.

परवा दवाखान्यात नर्सनं इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिटचा बोळा लावला. एवढंच निमित्त झालं. त्या वासानं मला एकदम उचलून समर्थनगरातल्या एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासच्या खोलीत नेऊन टाकलं. भिंतीवरच्या फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं रसायनशास्त्र, खाली एकमेकांना जोडून ठेवलेले बाक, बाकांवर प्लायवूड, प्लायवूडवर भुसा रंगवून केलेली शेतं. आणि त्या शेतांमधून गेलेले, बोटाएवढ्या रुंदीचे रूळ.

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि समितीची पत्रकं लिहीत होतो. समिती म्हणजे फुलंब्रीवरून पुढं उत्तरेकडं रेल्वे न्या म्हणून झगडणारी आमची माणसं. धरणं झाली होती, निवेदनं झाली होती, माझ्या पत्रकांत 'सापत्नभाव' हा शब्द इतक्यांदा येऊन गेला होता की छापखानेवाला तो न सांगता टाकायचा. मग आमच्या अध्यक्षांच्या डोक्यात आलं की कागद कुणी वाचत नाही, आता लाईन चालवूनच दाखवू. बजेटच्या आधी एक मोठे साहेब शहरात येणार होते. त्यांच्यासमोर मागणीचं चालतं मॉडेल ठेवायचं. गाडी शहरातून निघेल, आमच्या गावांतून जाईल, परत येईल. साहेबांच्या डोळ्यांना दिसेल की एवढंच तर मागतोय.

मॉडेल बांधलं वसंतकाकांनी. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. मेहुण्यानं परदेशातून आणून दिलेलं तळहाताएवढं इंजिन आणि रुळांची खोकी त्यांच्या माळ्यावर पडून होती. हात हलके, जीभ जड. मी त्यांचा हरकाम्या. तिसरे सलीमभाई, सिटी चौकात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे. मीटर त्यांचा, सोल्डरिंग गन त्यांची आणि टोमणेही त्यांचेच.

या गाडीत बॅटरी नसते, चावी नसते. करंट रुळांतूनच येतो. एका रुळातून चाकात, चाकातून मोटरीत, मोटरीतून दुसऱ्या चाकात आणि दुसऱ्या रुळातून परत. म्हणजे दोन रूळ या दोन वायरीच. हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी मान डोलवली. मान डोलवणं आणि समजणं यांत किती अंतर असतं, ते पुढं सगळ्यांनाच कळलं.

सुरुवातीला धूळ. त्या हंगामात आमच्या शहराच्या हवेत जी उडते ती धूळ नुसती बसत नाही, चिकटते. समोर रस्ता खणून ठेवलेला. सकाळी खोली उघडली की रुळांवर तपकिरी साय. इंजिन दोन हात जायचं, थरथरायचं, थांबायचं. बोटानं ढकललं की पुन्हा दोन हात. मी रोज खोडरबर घेऊन रुळांचा माथा घासायचो, मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचो, बोळा काळा व्हायचा. इंजिन उलटं करून चाकांवरची काजळी काढायची. आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच.

"सरकारला असं घासता आलं असतं ना काका," मी म्हणायचो.

"तू आधी हा रूळ घास," काका म्हणायचे.

धूळ गेली तर अंतर उभं राहिलं. गाडी स्टेशनातून झोकात निघायची. हर्सूलपर्यंत बरी. सावंगीला धाप लागायची. फुलंब्री ओलांडली की मुंगीची चाल, आणि मग पुढच्या गावाच्या आधी कुठंतरी उभी. काकांनी मीटरच्या दोन काड्या रुळांवर टेकवल्या. स्टेशनात आकडा भरपूर, फुलंब्रीच्या पुढं निम्मा. "प्रत्येक जोडापाशी थोडं थोडं सांडतं," ते म्हणाले. "जोड फार, ट्रान्सफॉर्मर लांब."

मी उडालोच. "काका, हाच तर अनुशेष! सगळं राजधानीजवळच्यांना, लांबच्यांना उरलंसुरलं!"

"अरे, वायर ओढ."

सलीमभाई दारात उभे राहून हसत होते. "लिख डालो मियाँ पत्रक में. मराठवाडे में करंट का भी बैकलॉग निकला."

मी वायर ओढली. प्लायवूडच्या पोटाखालून दोन जाड वायरी टोकापर्यंत नेल्या, मधे मधे भोकं पाडून प्रत्येक तुकड्याला वर करंट दिला. सोल्डरचा धूर डोळ्यांत गेला, राळेचा वास शर्टात राहिला. आणि गाडी फुलंब्रीच्या पुढंही त्याच झोकात गेली. मला आठवतं, मी टाळ्या वाजवल्या होत्या. आज त्याचीच चीड येते. दोन वायरी खालून ओढायच्या, एवढं सोपं उत्तर असतं, हे त्या खोलीनं मला दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. बाहेरच्या जगात लांबच्या माणसाला वायर मिळत नाही, कमिटी मिळते.

अण्णा त्याच सुमारास पहिल्यांदा खोलीवर आले. फुलंब्री तालुक्यातले, समितीत सही केलेले, शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळी करून शेती सांभाळणारे. रात्रपाळी उतरून सरळ इकडं आले होते. डोळे लाल, हातात डबा. आल्या आल्या बाकांभोवती फिरले आणि वाकून बघायला लागले.

"मपलं रान कुठं हाय यात?"

काकांनी नकाशा काढला, जागा शोधली, पेन्सिलीनं दाखवलं. फुलंब्रीच्या पुढं, रूळ जिथं वळतो तिथं हिरव्या भुशाचा एक चौकोन. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं. "अन् दगड?"

दगड म्हणजे सर्व्हेचा दगड. ते आम्हाला त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या सांगितलं. त्यांच्या रानाचा वरचा भाग माळ, मुरूम. दोनदा बोअर घेतलं, फुफाटा निघाला. पाणी आहे ते एकाच ठिकाणी, खालच्या अंगाला, जिथं उन्हाळ्यातही हरळी हिरवी राहते. आणि त्यांच्या वडिलांच्या काळात लाईनीची पाहणी झाली तेव्हा दगड नेमका तिथं रोवला. विहिरीला परवानगी मागायला गेलं की कचेरीत उत्तर ठरलेलं: नियोजित रेल्वेमार्ग. लाईन आली तर पैसे मिळतील, त्यात ओढ्याकडचं दुसरं रान घेऊन विहीर पाडता येईल. लाईन रद्द झाली तर इथंच पाडता येईल. दोन्हीतलं काहीच होत नाही.

"आलं लावलं असतं," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं आलं लई चांगलं येतं. पोरगं वाळूजला खोली करून राहू राहिलं, ते तरी घरी राहिलं असतं. पाणी दिसतंय दादा. माती उकरली तर हात ओला होतो. पण पाडता येईना."

मी तेव्हाच वहीत मथळा लिहिला: 'दगडाखालचं पाणी!' उद्गारचिन्हासकट. मला तेव्हा वाटायचं की मथळा सापडला म्हणजे निम्मं काम झालं.

आता आमच्या लोकांनी घातलेला घोळ सांगतो. काकांनी जुन्या पाहणीप्रमाणं सरळ लाईन आखली होती. पण फुलंब्रीच्या पुढं डोंगराच्या अलीकडची गावं वेगळी, पलीकडची वेगळी. अलीकडचे म्हणाले आमच्याकडून न्या, पलीकडचे म्हणाले आमच्याकडून नेली नाही तर आम्ही मोर्च्याला येत नाही. अध्यक्ष वकील होते, कुणालाही नाराज न करणं हा त्यांचा धंदा होता. ते म्हणाले, "दोन्हीकडून नेऊ. गाडी अलीकडून जाईल, डोंगराला वळसा घालून पलीकडून येईल, आणि परत याच लाईनीला मिळेल." टाळ्या. नारळ. काकांनी ओठ आवळले आणि रूळ वाकवायला घेतले.

वळशाचा शेवटचा तुकडा बसवला आणि ट्रान्सफॉर्मरनं गुरगुरून लाल दिवा दाखवला. शॉर्ट. बंद करा, चालू करा, लाल. इंजिन उचलून घेतलं, तरी लाल. मग सुरू झाला तो शोध. रुळांवर पडलेला स्क्रू शोधला, तारेचा केस शोधला, वाळूत लोखंडाचा कीस असेल म्हणून चुंबक फिरवलं. खालच्या सगळ्या वायरी उलगडून पुन्हा जोडल्या. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून गरम वार्निशचा वास यायला लागला. साहेबांची तारीख जवळ येत होती, अध्यक्ष फोनवर फोन करत होते, आणि सलीमभाई म्हणत होते, "गाडी नक्को चलाओ काका. शॉर्ट कित्ता अच्छा चल रहा."

शेवटी काकांनी रंगीत दोरे मागवले. एका रुळावर लाल दोरा धरला, दुसऱ्यावर निळा, आणि स्टेशनापासून दोघांना बोटानं नेत नेत निघाले. हर्सूल, सावंगी, फुलंब्री. लाल डावीकडं, निळा उजवीकडं. वळशाला गेले. डोंगराभोवती फिरले. पलीकडच्या गावांतून परत आले. आणि जिथं वळसा मूळ लाईनीला मिळत होता तिथं लाल दोऱ्याचं टोक निळ्यावर येऊन पडलं. डावा रूळ फिरून आल्यावर उजवा झाला होता. दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या होत्या आम्ही. बिघाड कुठल्याच जोडात नव्हता. सगळे जोड उत्तम होते. आराखडाच शॉर्ट होता.

"खऱ्या रेल्वेत हे चालतं," काका म्हणाले. "आपल्यात नाही."

उपायही त्यांनीच सांगितला. वळसा मूळ लाईनीपासून तोडायचा. दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर काप द्यायचे, फटीत प्लास्टिक भरायचं. वळशाला वेगळं बटण. गाडी वळशात असताना बटण फिरवून बाहेरचा करंट उलटा करून घ्यायचा, की ती न अडखळता बाहेर येते. काप केसाएवढे. पण दिसणारे.

मग रविवारी गावांचे प्रतिनिधी जमले आणि मला आयुष्यभर पुरेल एवढं राजकारण शिकायला मिळालं. केसाएवढा काप कुणालाच आपल्यासमोर नको होता.

"फोटो निघतील. आमच्या गावापुढं रूळ तुटलेला दिसंन त्याच्यात. विरोधक गावभर फिरवतील."

"पलीकडच्यांच्यात करा की. त्यांच्याचमुळं वळसा पडला."

"आमच्यामुळं? ओ पाटील, तुमची लाईन आधी होती काय?"

अध्यक्ष म्हणाले, काप न देता काही होतं का. काका म्हणाले, होतं, एक बाजू काढून टाका. त्यावर दोन माणसं चपला घालून उठली. त्यांना बसवलं. चहा आला. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा तेच. मी कोपऱ्यात उभा होतो आणि मला पहिल्यांदा आमच्याच माणसांचा राग आला, साहेबांचा येतो तसा, डोकं गरम होईल असा.

भिंतीला टेकून बसलेले अण्णा म्हणाले, "मपल्या रानात तोडा."

ते उठून बाकांपाशी आले.

"वळसा सुटतो ते मपलंच रान हाय ना काका? मग चारी काप तिथंच मारा. माझ्या दाराला कोण फोटो काढायला येतंय."

"अण्णा, तुमची हरकत नाही?" अध्यक्षांनी विचारलं. सुटका झाल्याचं त्यांच्या आवाजात लपत नव्हतं.

"हरकत घेऊन काय व्हायलं साहेब. मारा. गाडी तरी चालू द्या. त्यांनी चालताना बघितली तर काहीतरी एक ठरवतील."

काकांनी बारीक पात्याची करवत घेतली. रूळ कापताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. अण्णा वाकून बघत होते, पितळेचा कीस त्यांच्या हिरव्या भुशावर पडत होता, आणि बाकीचे प्रतिनिधी पुढच्या मोर्च्याचं बोलायला लागले होते.

साहेब आले तेव्हा गाडी चालली. हे मला स्पष्ट लिहून ठेवायचं आहे, कारण पुढं लोक म्हणायला लागले की मॉडेल बिघडलं म्हणून काम झालं नाही. खोटं आहे. स्टेशनजवळच्या हॉलमध्ये टेम्पोनं नेऊन मांडलं, सकाळपासून रूळ पुसले, आणि साहेब समोर उभे असताना इंजिन निघालं. एकाही जोडाला थबकलं नाही. वळशात शिरलं, काकांचा अंगठा बटणावर, टक् असा आवाज, आणि ते तसंच सुरेख बाहेर आलं. मी साहेबांचा चेहरा बघत होतो. ते हसले. मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

"वा. हे इंजिन कुठं मिळतं? आमच्या नातवाला फार वेड आहे."

काकांनी सांगितलं, परदेशात. साहेब म्हणाले, अच्छा. अध्यक्षांनी हार घातला. अण्णा पुढं झाले, त्या चौकोनाकडं बोट करून म्हणाले, "साहेब, हे मपलं रान." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफरकडं बघितलं. निवेदन सोबतच्या माणसानं घेतलं. ते गेले. गाडी अजून ये-जा करत होती, काकांचा अंगठा बटणावरच होता. बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

बजेटच्या दिवशी सलीमभाईंच्या दुकानात, दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर आम्ही बघत बसलो. भाषण लांबलं. आमचं नाव आलं आणि क्षणभर सगळे उठून उभे राहिले. मग वाक्य पूर्ण झालं: नव्यानं सर्वेक्षण. सलीमभाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. टोमणा मारला नाही. काका चष्मा पुसत बसले. त्या रात्रीच माझं पत्रक छापून आलं, 'घोर फसवणूक', ठळक अक्षरांत. चौकात वाटलं. माणसांनी घेतलं, घडी केली, त्यावर भेळ खाल्ली.

मार्च लागला तसे सर्व्हेवाले आले. मी अण्णांच्या रानावर गेलो तेव्हा ज्वारीची कापणी चालली होती, ताटं आडवी पडत होती, धसकटांवरून चालताना पाय सोलत होते. अण्णा पट्टीवाल्या पोरांना तांब्यातून पाणी देत होते. नवीन दगड लागला होता. जुन्याच्या जरा पलीकडं, हरळीच्या दुसऱ्या अंगाला. म्हणजे आता पाणी दोन दगडांच्या मधे.

"जुना काढला का नाही?" मी त्या पोरांवर ओरडलो.

"तो आमच्या कामात नाही सर," त्यातला एक म्हणाला. बिचारा खरंच बोलत होता.

"राहू द्या दादा," अण्णा म्हणाले. "तुम्ही कामून तापू राहिले? या, भाकर खा."

मी भाकर खाल्ली. ऊन चटके देत होतं आणि त्या हिरव्या पट्ट्यावर बसलो होतो तिथं माती थंड होती. तो थंडपणा मला अजून बसल्या जागी जाणवतो. त्यावर मी कधी पत्रक लिहिलं नाही. लिहिता आलं नाही.

काका त्यानंतर मुलाकडं पुण्याला गेले. क्लासची खोली आता नेट कॅफे होऊन, बंद होऊन, मोमोचं दुकान झाली आहे. समिती आहे. अध्यक्ष दुसरे आहेत. रेल्वेचं बजेटही आता वेगळं नसतं. मोठ्या बजेटच्या कुठल्या पानाकडं डोळे लावायचे तेही लोकांना कळत नाही, तरी लावतात. मी अजून पत्रकं लिहितो. 'सापत्नभाव' टाळतो. दुसरं फारसं काही शिकलो नाही.

काल अण्णांचा फोन आला. कारखान्यातून रिटायर झाले आहेत. पोरगं वाळूजलाच आहे, त्यालाही आता पोरं झाली.

"दादा, एक विचारायचं होतं. पत्रकातून लाईन नको असं मागता येतं का?"

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. "अण्णा, मी लाईन मागणाऱ्या समितीचा माणूस आहे."

"म्हणून तर तुम्हाला विचारू राहिलो. दुसऱ्याचं कोण ऐकंन? मपल्या गट नंबरापुरतं मागा. इथून नेणार नाहीत एवढं लिहून द्या म्हणावं. एवढा उन्हाळा धरून पाडतो विहीर. आता माझ्यानं पुढला फेब्रुवारी निघत नाही."

आज सकाळपासून बसलो होतो. नकार मागणारं पत्रक मी कधी लिहिलं नव्हतं. मागण्या लिहायला लागलो की हात आपोआप जुन्या वाटेनं जातो: आम्ही खाली सही करणारे, मायबाप शासनास, सविनय, पिढ्यानपिढ्या, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. पान भरलं. फोन लावून अण्णांना सगळं वाचून दाखवलं. पलीकडं वारा ऐकू येत होता. रानात उभे असावेत.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण ती विनंती काढा."

काढली.

"अन् तो सहानुभूतीचा विचार. तोबी काढा. विचार करत्याल पुन्हा."

तोही काढला. मायबाप काढलं. पिढ्यानपिढ्या काढलं. मी एकेक ओळ वाचत होतो आणि ते थांबवत होते, आणि पान मोकळं होत चाललं होतं.

"मग ठेवू काय, अण्णा?"

"नाय म्हणा," ते म्हणाले. "एवढंच ठेवा."